पेठेतला मधुमेह: सापडलेला आणि सांभाळलेला

मधुमेह मोजणारी देशातली सर्वांत मोठी पाहणी म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ‘इंडियाब’. तिचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातल्या वीस वर्षांवरील ८.४ टक्के लोकांना मधुमेह निघाला, शहरांत १०.९ टक्के, खेड्यांत ६.५ टक्के. पुढे सगळ्या राज्यांचे काम पुरे होऊन २०२३ मध्ये देशाचा एकत्रित हिशेब आला. तो ११.४ टक्क्यांचा, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांचा होता. शहरी भारतात १६.४ टक्के. शेजारच्या गोव्यात तर २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. पहिल्या टप्प्यातला आणखी एक आकडा मात्र फारसा वाचला गेला नाही. महाराष्ट्रातले १२.८ टक्के लोक तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते, प्रत्यक्ष मधुमेह असलेल्यांपेक्षा जास्त. त्यांतले बरेच जण एव्हाना उंबरठा ओलांडून आत आले आहेत, हे शहरात तपासणीचे टेबल मांडून बसणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पुण्याच्या बुधवार पेठेत हे काम करताना पहिली गोष्ट कळते ती ही, की पेठ एक असली तरी तिचे दिवस अनेक आहेत. दगडूशेठ गणपतीच्या देवळाभोवतीचे हार-फुलांचे आणि पेढ्यांचे दुकानदार पहाटेपासून कामात असतात. अप्पा बळवंत चौकातले पुस्तकविक्रेते आणि तपकीर गल्लीतले विजेच्या सामानाचे व्यापारी दहा-अकराला शटर वर करतात आणि रात्री उशिरा जेवतात. जुन्या वाड्यांत निवृत्त माणसे वेळच्या वेळी जेवतात, पण दिवसभर दोन खोल्यांबाहेर पडत नाहीत. आणि काही गल्ल्यांत बायकांचे काम सुरू होते तेच मुळी संध्याकाळी. मधुमेहाची सगळी शिकवण, म्हणजे न्याहारी, गोळी, चालणे, जेवण, झोप, ही एकाच प्रकारचा दिवस गृहीत धरून लिहिलेली आहे. पेठेत तो दिवस जगणारे थोडे.

तपासणीच्या टेबलाशी आधी येतात ते ज्यांना आपला मधुमेह ठाऊक आहे ते. फुकट तपासून मिळते, घरचे यंत्र बरोबर दाखवते का तेही कळते, म्हणून ते रांगेत पुढे असतात. ज्यांना शोधायचे ते लांबून बघत राहतात: पाठीवर खोकी वाहणारे हमाल, दुकानातली तिशीची पोरे, हातगाडीवाले. ‘आपण गोड खात नाही’ आणि ‘आपण तर काटक’ ही त्यांची दोन ठरलेली उत्तरे. दोन्ही प्रामाणिक असतात आणि दोन्हींचा मधुमेह नसण्याशी संबंध फार थोडा. इंडियाबच्या सुरुवातीच्या टप्प्यांत मधुमेह निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तो असल्याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे शिबिरात किती जणांना साखर निघाली यापेक्षा किती नवे सापडले हा आकडा जास्त बोलतो. शिबिरांच्या बातम्यांत तो क्वचितच छापला जातो.

काटक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो, याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम बुधवार पेठेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर झाले आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाच्याही आधीपासून अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो होते. पुण्याची बाळे लहान, हातापायांनी बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ शाबूत राखली होती. मोठेपणी हेच शरीर बारीक अंगाचे आणि पोटाशी चरबी धरून ठेवणारे होते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापून हे दाखवले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वैद्यकीय साहित्यात इतक्या कमी शब्दांत इतके पटवून देणारा दुसरा पुरावा मिळणे कठीण. शिबिरात हमालाला तो सांगितला तर तो हसतो, पण हात पुढे करतो.

म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप महत्त्वाची. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये तयार केलेल्या जोखीम-गुणांकनात चारच गोष्टी विचारतात: वय, कमरेचा घेर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह. शंभरपैकी साठ किंवा अधिक गुण पडले तर रक्त तपासायचेच. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरला आणि बाईची ऐंशीला पोचली की गुण चढू लागतात. अनुभव असा, की सुईला कोणी फारसे नाही म्हणत नाही, टेपला म्हणतात. चारचौघांत कंबर मोजून घेण्याची लाज रक्त देण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते, आणि बाईची कंबर मोजायला बाईच हवी. पडद्याची एक साधी सोय नसेल तर निम्मे अर्ज अंदाजाने भरले जातात. सरकारी कार्यक्रमातही हाच धोका आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे आणि आशा कार्यकर्ती घरोघरी प्रश्नावली भरते. पेठेतल्या चार मजली वाड्यात, एका जिन्यावर सहा बिऱ्हाडे असताना, दुपारी दार उघडणारी व्यक्ती सगळ्या घरातर्फे उत्तरे देते. दुकानावर गेलेल्या माणसाची कंबर तिने सांगितली तेवढी.

निदानाचे आकडे पक्के आहेत. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘तीन महिन्यांची सरासरी’, ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही, पुन्हा तपासायचे. बोटाच्या थेंबावरची चाचणी संशय घेण्यापुरती. निकाल शिरेतल्या रक्तावर. कागदावर एवढे सोपे असलेले प्रकरण पेठेत दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीवर हिमोग्लोबिनचा परिणाम होतो. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. तेव्हा बाईचा ६.६ हा आकडा आला की आधी हिमोग्लोबिन बघायचे. दुसरी अडचण ‘उपाशीपोटी’ची. पहाटे तीनला काम संपवून जेवलेल्या बाईची सकाळी आठला घेतलेली साखर उपाशीपोटीची नसतेच. तिच्यासाठी रक्त घेण्याची वेळ दुपारी बारा-एकची. प्रयोगशाळेचा माणूस त्या वेळेला यायला तयार असला तरच तिचा अहवाल खरा.

उंबरठ्यावरच्या माणसाला काय सांगतात, हा या कामातला सर्वांत कच्चा दुवा आहे. ‘बॉर्डरवर आहे, काळजी घ्या’ एवढे म्हणून त्याला मोकळे केले जाते आणि तो सुटलो म्हणून घरी जातो. वास्तविक हातात काही करण्यासारखे असते ते याच माणसाच्या बाबतीत. चेन्नईच्या डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की अशा भारतीयांनी आहार आणि चालणे यांत नेटाने बदल केला तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही जवळपास तेवढाच, २६.४ टक्क्यांनी. पण बॉर्डरवरच्या माणसाची वही कोणी ठेवत नाही. वही गोळी सुरू झाल्यावर उघडते.

आता सांभाळण्याचा भाग. इंडियाबच्याच २०२२ च्या अहवालात, स्वतःचा मधुमेह माहीत असलेल्या लोकांची देशभरची स्थिती मांडली आहे. साखर आटोक्यात, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सातच्या खाली, असलेले ३६.३ टक्के. रक्तदाब आटोक्यात असलेले ४८.८ टक्के. घातक कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेले ४१.५ टक्के. आणि तिन्ही एकदम आटोक्यात असलेले फक्त ७.७ टक्के. मधुमेही माणूस बहुधा जातो तो हृदयाने किंवा मूत्रपिंडाने, साखरेच्या आकड्याने नव्हे. त्यामुळे खरा निकाल हा शेवटचा आकडा आहे. पेठेत एखाद्याला ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे का’ विचारले की तो हो म्हणतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा गोळी चालू आहे एवढाच असतो. शेवटची सरासरी कधी काढली, रक्तदाब किती, कोलेस्टेरॉलची गोळी का बंद केली, असे खोदून विचारले की चित्र उलगडते. ब्रिटनमधल्या वीस वर्षे चाललेल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ ते २००० या काळात दाखवले, की सरासरी एक टक्क्याने खाली असली तर डोळे-मूत्रपिंडांचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळतात. नऊवरून आठवर येणे हेही मोठे यश आहे, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. त्याला फक्त ‘अजून जास्तच आहे’ एवढे ऐकू येते.

औषध न मिळणे हे पेठेतले कारण नव्हे. दर दहा पावलांवर मेडिकल आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत आणि महापालिकेच्या दवाखान्यांत फुकटही मिळतात. मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय जवळच आहे. नव्या गोळ्याही उतरल्या. विल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपले, डापाग्लिफ्लोझिनचे २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये, आणि प्रत्येक वेळी काही आठवड्यांत डझनावारी कंपन्यांनी किमती खाली आणल्या. महाग राहिल्या त्या तपासण्या. महिन्याच्या गोळ्यांपेक्षा एका सरासरीच्या चाचणीचे बिल जास्त येते, म्हणून माणूस गोळी घेत राहतो आणि चाचणी टाळतो. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच गोळी नेली जाते. चिठ्ठी घडी घालून घालून चिरते, मग तिचा मोबाइलवर फोटो येतो, मग नुसते रिकामे पाकीट दाखवून ‘हीच द्या’ असे होते. डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी लिहिलेला डोस तीन वर्षे चालतो.

साखर आटोक्याबाहेर जाण्यात पेठेचा चहा आणि उपवास यांचा वाटा ठरलेला आहे. अमृततुल्यातला चहा पातेल्यातच साखर घालून उकळतात. बिनसाखरेचा मागायचा तर वेगळे आधण, आणि गर्दीच्या वेळी वेगळ्या आधणाला कोणी वेळ देत नाही. गिऱ्हाइकाबरोबर, मालवाहू टेम्पोवाल्याबरोबर, शेजारच्या दुकानदाराबरोबर असे दिवसाचे सहा-सात अर्धे कप तपकीर गल्लीत सहज होतात. हा चहा कोणी आहारात धरत नाही. आहाराची चौकशी करणाऱ्याने जेवणाऐवजी आधी चहा विचारावा, म्हणजे बराचसा हिशेब तिथेच लागतो.

संकष्टीचे प्रकरण याहून धोक्याचे. दगडूशेठच्या पंचक्रोशीत संकष्टी न धरणारे घर विरळा. दिवसभर निरंकार किंवा साबुदाणा, आणि रात्री नऊच्या आसपास चंद्रोदय झाल्यावर जेवण. सकाळी ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिले तर दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते; गोळी खाल्ली नाही आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली तर साखर वर उसळते, कारण कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅमला सत्त्याऐंशीच्या आसपास कर्बोदके असतात. उपवास सोडा असे सांगणारा सल्लागार इथे दुसऱ्या भेटीला दिसत नाही. गोळी कोणती, ती त्या दिवशी सकाळी न घेता रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची का, मध्ये ताक, शेंगदाणे, राजगिरा किती, अंगारकीला रांगेत उभे राहायचे तर खिशात साखर ठेवायची का, असे बोलणारा टिकतो. गोळीतला बदल डॉक्टरांनी ठरवायचा. पण उपवास आहे हे डॉक्टरांना कळायला हवे, आणि रुग्ण ते आपणहून सांगत नाही, कारण ओरडा बसेल ही खात्री असते.

देवळाचा आणखी एक संबंध पायांशी आहे. मधुमेहात नसा बधिर झाल्या की पायाला चटका, टाचणी, घासणारी वहाण काहीच जाणवत नाही. चप्पल बाहेर काढून एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून चालणे, प्रदक्षिणा, वारीत अनवाणी दोन पावले, यांतून आलेले तळपायाचे फोड महाराष्ट्रातल्या शल्यचिकित्सकांना चांगले परिचित आहेत. फोड दिसतो दोन-तीन दिवसांनी, मोज्याला डाग पडल्यावर. दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून जाणीव तपासायला दोन मिनिटे लागतात आणि ती चाचणी फुकट आहे. तरी बहुतेक रुग्णांच्या पायाला डॉक्टरांनी कधी हात लावलेला नसतो. जाड मोजे घालून देवळात जावे, हा साधा उपाय सांगितला तर लोक ऐकतात. मोज्यांना देवळात हरकत नाही, ही खात्री करून दिली की आणखी ऐकतात.

देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रियांच्या गल्ल्यांत आरोग्याचे काम दोन-तीन दशकांपासून एचआयव्हीभोवती बांधले गेले. त्यातून एक चांगली गोष्ट उरली: दारोदार जाणारी, त्याच वस्तीतली, ओळखीची माणसे. त्या काळच्या तरुण बायका आता चाळिशी-पन्नाशीच्या आहेत आणि त्यांच्या दुखण्यांत मधुमेह आणि रक्तदाब पुढे आले आहेत. एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांना इथे दुहेरी गुंता असतो. एचआयव्हीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता मुख्य असलेल्या डोल्युटेग्राविर या औषधाने काहींची साखर चढते. तेच औषध शरीरातले मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढवते, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला एक ग्रॅमच्या आत ठेवतात. शिवाय एचआयव्ही असताना तीन महिन्यांची सरासरी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. क्षयाचेही तसेच. मधुमेहाने क्षयाचा धोका दुप्पट-तिपटीने वाढतो, आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. एका केंद्रात एक औषध, दुसऱ्यात दुसरे, आणि दोन्ही कागद एकाच डॉक्टरने पाहिलेले नाहीत, ही स्थिती नेहमीची. वस्तीतल्या कार्यकर्तीने सगळी पाकिटे एका पिशवीत घालून बाईला सोबत घेऊन जाणे, हा त्यावर सापडलेला सर्वांत उपयोगी मार्ग आहे.

इन्सुलिन सुरू करायची वेळ आली की खोलीत फ्रिज नसतो. वापरात घेतलेली कुपी साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण पुण्याचा मे महिना चाळिशीला टेकतो. मध्ये ओली वाळू भरून एकात एक बसवलेल्या दोन मडक्यांच्या आत कुपी ठेवण्याची जुनी पद्धत इथे अजून कामाची आहे. फक्त कुपीत पाणी जाणार नाही अशी प्लास्टिकची डबी हवी. सुईची भीती मात्र मडक्याने जात नाही. ‘सुईवर आली म्हणजे संपली’ हा समज सगळ्याच पेठेत आहे, वाड्यातही आणि गल्लीतही, आणि त्यापायी कित्येक जण दहा-अकराची सरासरी घेऊन गोळ्यांवरच गोळ्या वाढवत राहतात.

डोळ्यांची तपासणी सर्वांत जास्त राहून जाते. पडद्यावर रक्तस्राव होईपर्यंत नजर उत्तम असते, तोवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे कारण माणसाला दिसत नाही. टाइप दोनच्या मधुमेहात निदान होताच आणि नंतर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा पाहावा, असा नियम आहे. त्यासाठी डोळ्यांत थेंब टाकले की चार-पाच तास धूसर दिसते, दुकानावर बसता येत नाही, बिलाचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून व्यापारी टाळतो. बाहुली मोठी न करता छायाचित्र घेणारे कॅमेरे आता आहेत. ते ज्या शिबिरात असतात तिथे हाच व्यापारी पाच मिनिटांत तपासून घेतो.

मधुमेही माणूस डॉक्टरांकडे वर्षातून फार तर दोनदा जातो, मेडिकलमध्ये मात्र महिन्यातून एकदा जातोच. पाठपुराव्याचे काम त्यामुळे औषधाच्या दुकानाशी जोडले की टिकते. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर पुढच्या सरासरीची तारीख लिहिलेले कार्ड देणे, काउंटरवर रक्तदाबाचे यंत्र ठेवणे, तीन महिने चिठ्ठी बदलली नसेल तर डॉक्टरांकडे पाठवणे, एवढ्याने फरक पडतो. दुकानदाराला त्यात थेट नफा नाही, पण ओळखीचे गिऱ्हाईक टिकते, आणि पेठेत ओळखीवरच दुकान चालते. ज्या दुकानात हे कार्ड चालू राहिले तिथे ते चालवणारा बहुतेक वेळा मालक नसून काउंटरवरचा जुना माणूस होता. तो सोडून गेला की नव्या माणसाला कार्ड, यंत्र आणि गिऱ्हाइकांची नावे पुन्हा पहिल्यापासून समजावून द्यावी लागतात.